पैसे घेऊन गप्प बसणारा माणूस

आमच्या घराण्यात सल्ला विकत घेण्याची पद्धत नाही. तो घरपोच येतो, न मागता येतो आणि परत करता येत नाही. खातीही वाटून दिलेली आहेत. शिक्षण आणि नोकरी साताऱ्याच्या मामांकडे, लग्नं आणि त्यानंतरची भांडणं नागपूरच्या आत्याकडे, फ्लॅटची दिशा आणि मजला धाकट्या काकांकडे. आरोग्यखातं मात्र कुणा एकाचं नाही, ते सामुदायिक आहे. अशा घरातली माझी पुतणी एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "काका, मी लाइफ कोच शोधतेय." आमच्या सौ.नी हातातला झारा खाली ठेवला आणि आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता. पुतणी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला त्या लेखी कळवायच्या, असं ते काम. हा गुण आमच्याकडे उपजतच असतो. पण त्याचा पगार मिळवणारी ती घराण्यातली पहिलीच. त्यात ती इतकी वाकबगार झाली की कंपनीने ठरवलं, आता हिने चुका शोधणं बंद करावं आणि दहा जणांकडून त्या शोधून घ्याव्यात. म्हणजे टीम लीड. तिला ते नको होतं. बढती घ्यायची इच्छा होत नव्हती आणि नाकारायची हिंमत होत नव्हती. रीतसर नोकरीखात्याला, म्हणजे मामांना, फोन लावला, तर प्रश्न पुरता ऐकायच्या आत निकाल लागला : "बढती नाकारतं का कुणी? वेडी की खुळी?"

एवढी फुकटची सोय असताना पैसे मोजून परका माणूस कशाला, असं सौ.चं म्हणणं. ते वरवर रास्त होतं. पण आपल्या माणसाचा सल्ला फुकट नसतो. त्याची वसुली सावकाश चालते एवढंच. आमच्या दादाने तरुणपणी मामांचं ऐकून बँकेची परीक्षा दिली. नोकरी लागली, ती पूर्ण करून तो निवृत्त झाला, पेन्शन खातोय, तरी दर गणपतीला आरती झाली की प्रसादाचा मोदक हातात घेऊन मामा विचारतात, "मग? बँक बरी की नाही?" आणि दादाला दरवर्षी "बरी" म्हणावं लागतं. माझ्या मावसभावाने मामांचं ऐकलं नाही, धंदा काढला. तो बुडाला तेव्हा मामा म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं." पुढे धंदा सावरला, उत्तम चालला, तेव्हा म्हणाले, "नोकरीत असतास तर एव्हाना मॅनेजर झाला असतास." ऐकणारा हप्ते भरतोच, न ऐकणाराही भरतो.

परक्याला फी दिली की हिशेब तिथल्या तिथे मिटतो. ऐकलंत तर उपकार नाहीत, नाही ऐकलंत तर अपमान नाही, आणि तुमच्या मुलाच्या मुंजीत तो अक्षता घेऊन पहिल्या रांगेत बसलेला नसतो. फी देऊन आपण खरं तर न ऐकण्याची मोकळीक विकत घेतो. एवढं पटल्यावर मी पुतणीच्या बाजूने झालो आणि बाजार बघायला तिच्याबरोबर निघालो.

हा बाजार मूळचा अमेरिकेतला. थॉमस लिओनार्ड नावाचे एक गृहस्थ लोकांच्या पैशाचं नियोजन करून देत. माणसं गुंतवणुकीचं विचारायला येत आणि बोलत मात्र भलत्याच गोष्टींबद्दल : नोकरी सोडू का, आता पुढे काय करू. लिओनार्डांनी तेच काम हाती घेतलं, १९९२ मध्ये त्याचं शिक्षण देणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये कोच मंडळींचा संघ स्थापला. त्याला आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणतात. या संघाच्या प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीला साठ तासांचं शिक्षण आणि शंभर तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, मधल्या पायरीला पाचशे तास, सर्वांत वरच्या पायरीला अडीच हजार. प्रमाणपत्र असलेल्यांची यादी संघाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पुतणीने ती पाहिली. ज्यांनी भेटकार्डावर तीन-तीन प्रमाणपत्रं छापली होती त्यांतल्या काहींचं नाव तिथे नव्हतं. आणि एकांचं होतं, पण ते कार्डावर त्यांनी बारीक अक्षरात, खाली कोपऱ्यात टाकलं होतं. हे दुसरे गृहस्थ मला आवडले, पण त्यांना वेळ नव्हता.

अर्थात हे प्रमाणपत्र खासगी संस्थेचं. सरकार दरबारी या धंद्याला परवाना नाही. डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. मनावर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं, मानसोपचारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतो. लाइफ कोच व्हायला लागते ती इच्छा, आणि छापखान्याचा पत्ता. माझ्या ओळखीचे एक जण विमा विकता विकता एका संध्याकाळी लाइफ कोच झाले. विमा अजून विकतातच. पूर्वी ते "तुमच्या पश्चात काय?" असं विचारत, आता "तुमच्या हयातीत काय?" असं विचारतात.

ठाण्याच्या एका हॉटेलातल्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम होता, प्रवेश १९९ रुपये, चहा-बिस्किटं त्यातच. मी पालक म्हणून गेलो. खुर्च्यांना पांढरे अभ्रे आणि मागे सोनेरी फिती, लग्नातल्या असतात तशा. बहुधा आदल्या रात्रीच्याच. पडद्यावर कोचसाहेबांचा मोटारीला टेकून उभा असलेला फोटो. मोटारीची नंबरप्लेट पुसट केलेली होती, ती का, याचा विचार मी पहिली वीस मिनिटं करत होतो. मग छातीत धडधड होईल असं संगीत सुरू झालं. साहेब पळत आले. सगळ्यांना उभं केलं आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायला लावलं, "तू सिंह आहेस!" माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, कानाला यंत्र. तिकीट मुलाने काढून दिलं होतं. ते माझ्या डोळ्यांत बघून नीट, आदराने म्हणाले, "तुम्ही सिंह आहात." मग खाली वाकून विचारलं, "चहा आधी आहे का नंतर?"

चहा नंतर होता. त्याआधी पडद्यावर आकडे आले. एक लाख वीस हजार, त्यावर लाल फुली. पंचाहत्तर हजार, त्यावरही फुली. शेवटी २९,९९९, फक्त आज, फक्त या हॉलमध्ये, पहिल्या वीस जणांना. मागच्या टेबलावर कार्ड घासायची यंत्रं आधीच चालू करून ठेवलेली होती. संगीत पुन्हा वाढलं आणि सगळे सिंह रांगेत उभे राहिले. आजोबा आणि मी चहाकडे गेलो. तो थंड झाला होता, पण बिस्किटं चांगली होती.

या प्रकाराचा घरगुती अवतार म्हणजे फोनवरचं मोफत पहिलं सत्र. त्यात तुमची तपासणी करतात. पुतणीने अशी बरीच सत्रं दिली आणि प्रत्येक वेळी तिच्यात काही ना काही गंभीर निघालं. एकांना तिच्या पैशाच्या वाटा तुंबलेल्या दिसल्या. ते संपत्तीचा कोर्स घेत. दुसऱ्यांना बालपणातली जखम दिसली. त्यांचं बालपणावर तीन दिवसांचं शिबिर होतं, कर्जतला, राहण्या-जेवणासहित. तिसऱ्या बाईंना तिच्या आवाजातूनच कळलं की ही पूर्वजांचं ओझं वाहते आहे. मामांचा विचार करता ते निदान अगदीच चुकीचं नव्हतं.

गोरोबाकाकांची गोष्ट अशा वेळी आठवते. तेरला गोऱ्या कुंभाराच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईने थापटणं पाहिलं आणि म्हणाली, काका, यातली मडकी कच्ची की पक्की ते सांगा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे निमूट बसले, नामदेव तेवढे बिथरले. निकाल लागला : हे मडकं कच्चं. नामदेव रडत पंढरपूरला गेले, विठ्ठलाने त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं, आणि तिथे त्यांना गुरू मिळाला. ही कथा आपण अहंकार कसा गेला म्हणून सांगतो. मला तिच्यातली व्यवस्था फार आवडते. तपासलं एकाने, पत्ता दिला दुसऱ्याने, शिकवलं तिसऱ्याने. गोरोबाकाकांनी "कच्चं आहे, पण माझ्याकडे भट्टीचा सहा आठवड्यांचा कोर्स आहे" असं म्हटलं नाही. ज्याची भट्टी आहे त्याच्याच हातात थापटणं दिलं, तर महाराष्ट्रात एक मडकं पक्कं निघायचं नाही.

समर्थांनाही या बाजाराची चांगली कल्पना असावी. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा एक समास आहे आणि त्याला लागूनच शिष्यलक्षणांचा. अडका हे त्या काळचं किरकोळ नाणं. शिष्याकडून काही साधन करून न घेणारे गुरू त्या नाण्याला तीन या भावाने मिळाले तरी घेऊ नयेत, असं त्यांचं स्पष्ट मत. सवलतीच्या दराला भुलू नका, हे इतक्या आधी आणि इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पण समर्थ बोलताहेत ते मोक्षाबद्दल. तिथे शरण जाण्याला अर्थ आहे. टीम लीड व्हावं की नाही, एवढ्यासाठी कुणाच्या पायावर डोकं ठेवायची गरज नसते. धोका सुरू होतो तो कोचला गुरूची गादी हवीशी वाटते तेव्हा, किंवा त्याहून वाईट म्हणजे मामाची. "आपण आता एक कुटुंब आहोत", "मला तुझा मोठा भाऊच समज", "बेटा, रात्री-अपरात्री कधीही फोन कर." अहो, भाऊ आहेत तिला. रात्री-अपरात्री फोन करणारेही आहेत. त्यांच्यापासून दोन घटका सुटका व्हावी म्हणून तर ती पैसे घेऊन निघाली आहे.

कोच म्हटलं की आपल्याकडे अजून शिवाजी पार्कच डोळ्यांसमोर येतं. रमाकांत आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले होते, त्यामुळे भिंतीवर मिरवायला त्यांच्याकडे मोटारीचा फोटोही नव्हता. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्याने ते घ्यावं, कुणालाच जमलं नाही तर ते सचिनचं. २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं की एकोणतीस वर्षांत सर त्याला कधी "छान खेळलास" असं म्हणाले नाहीत. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. आमच्या पुतणीने ज्यांना फोन केले त्यांतले एक गृहस्थ तिच्या दर वाक्याला "ब्यूटिफुल!" म्हणत होते. तिने नाव सांगितलं तरी ब्यूटिफुल, डोंबिवलीला राहते म्हटलं तरी ब्यूटिफुल. डोंबिवलीवर माझंही प्रेम आहे, पण माणसाने काही मर्यादा पाळावी.

आयुष्याला यष्टी नसतात, त्यामुळे नाणं ठेवायचं कुठे, ही लाइफ कोचची खरी पंचाईत. जो ती कबूल करतो त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

फी घेणारा बरा, या माझ्या सिद्धान्ताला एक मोठा अपवाद आहे, तो लपवणं बरं नाही. बिल कॅम्पबेल हे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. सहा हंगामांत संघ बारा सामने जिंकला, एकेचाळीस हरला, एक बरोबरीत सुटला. पुढे हेच गृहस्थ उद्योगात गेले आणि स्टीव्ह जॉब्ज, गूगलचे एरिक श्मिट अशा लोकांचे सल्लागार झाले. गूगलकडून पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला होता. मिठ्या मारत, शिव्या घालत, म्हणजे मामांचे सगळे गुण अंगी होते. तेव्हा फुकटातही उत्तम कोच मिळू शकतो. फक्त त्याने आधी एखादी मोठी कंपनी चालवून पोटापाण्याची चिंता मिटवलेली असावी आणि समोर बसणारा गूगल चालवत असावा.

पुतणी तपासनीस आहे. तिने शेवटी कामावरची रीत लावली आणि फोनवर सगळ्यांना एकच अडचणीचा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे आलेल्या कुणाला तुम्ही परत पाठवलंय का?" बहुतेकांनी अभिमानाने सांगितलं, "माझ्याकडून कुणी विन्मुख जात नाही." एकांनी तर आपला आवाका कळावा म्हणून मालिकांमधल्या एका नटीचा घटस्फोट कसा वाचवला ते तपशिलात ऐकवलं. नाव सांगितलं नाही, पण मालिका सांगितली, भूमिका सांगितली. पुतणी फोन ठेवून म्हणाली, "उद्या माझंही असंच सांगतील. टेस्टिंगवाली, डोंबिवलीची, नाव नाही सांगत."

नाशिकच्या एक बाई मात्र म्हणाल्या, "हो, पाठवलंय. झोप पूर्ण उडालेल्या एकाला. त्याला आधी डॉक्टरांची गरज होती, माझी नव्हती." मग त्यांनीच पुतणीला विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं होतं का. असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, रात्री अडचण आली तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, माझ्याकडे मागाहून या. गिऱ्हाईक दारात उभं असताना त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देणारी बाई! पुतणीने तिथेच निकाल लावला.

या बाई पूर्वी एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होत्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या पुतणीला "तुम्ही" म्हणत राहिल्या, तिच्या दुप्पट वयाच्या असून. सहा सत्रं, तिसऱ्यानंतर नको वाटलं तर उरलेले पैसे परत, बोललेलं बाहेर जाणार नाही, आणि मधेच थांबायचा हक्क तुमचा. हे सगळं दीड पानी कागदावर. दादाने जन्मभर बँकेत कागद तपासलेले, त्याने तो दोनदा वाचला आणि "सही कुठे करायची ते चौकटीत हवं होतं" एवढीच हरकत घेतली. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सहा भेटींनंतर काय झालं म्हणजे तुमचे पैसे वसूल?" म्हणजे नाणं कुठे ठेवायचं ते तिच्याकडूनच ठरवून घेतलं. पुतणी म्हणाली, "मला साहेबांसमोर एक वाक्य बोलता यायला हवं. हो किंवा नाही."

तिच्या घरी दादाचा टीव्ही चालतो, म्हणून ती बोलायला आमच्या गॅलरीत येई. हेडफोन आमच्या मांजराने कुरतडल्यापासून बाईंचा आवाज आत ऐकू यायचा. पुतणीने आधीच सांगून ठेवलं होतं, "काका-काकू घरात आहेत, चालेल." एकदा बाईंनी विचारलं, "हे काम मला नकोय, असं तुम्ही सर्वांत आधी कुणाला सांगितलंत?"

आणि त्या गप्प बसल्या.

पुतणीही गप्प. खाली भंगारवाला ओरडत गेला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी दोन चादरी वाळत घातल्या, एकीला चिमटे लावले, दुसरीला कमी पडले म्हणून आत जाऊन आणले. फोनमधून काहीच नाही. आमच्या घरात इतका वेळ कुणी गप्प बसलं की वीज तरी गेलेली असते नाही तर भांडण तरी झालेलं असतं. सौ. न राहवून गॅलरीत डोकावल्या आणि खुणेने विचारलं, "नेट गेलं का?" पुतणीने हातानेच थांबवलं. मग म्हणाली, "कुणालाच नाही. तुम्हालाच."

"बरं," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्यांदा कुणाला सांगाल?"

या प्रश्नावर मामांनी किमान बारा नावं सुचवली असती आणि त्यांतल्या सहा जणांना स्वतःच फोन केला असता. बाईंनी एकही सुचवलं नाही. दुसऱ्यांदा ऐकणारे आम्हीच ठरलो, त्याच संध्याकाळी, जेवताना. तिसऱ्यांदा दादा. चौथ्यांदा तिचे साहेब. ते म्हणाले, मग आधी का नाही बोललीस. आणि मग माणसं न सांभाळता नुसत्या तपासणीतच वरची जागा देता येईल का ते विचारतो म्हणाले. कंपनीचा कारभार, ते अजून विचारताहेत. पण तिचं वाक्य बोलून झालं होतं.

पाचव्या भेटीत बाई म्हणाल्या, "सहावीची गरज दिसत नाही. पैसे परत करू, की पुढे कधी लागेल तेव्हासाठी ठेवू?" पुतणीला ते थोडं लागलं. "मला काढूनच टाकलं," म्हणाली. सौ.ना वेगळीच चिंता. "पण शेवटी त्यांनी सांगितलं काय तुला?"

"काहीच नाही सांगितलं, काकू."

"पैसे घेऊन?"

बिल आलं ते रीतसर, अठरा टक्के जीएसटी लावून आणि सहाव्या भेटीची रक्कम वजा करून. दादाने चष्मा लावला, बेरीज हाताने करून पाहिली, ती बरोबर निघाली तेव्हा किंचित हिरमुसला, आणि आमच्या सीएला फोन लावून विचारलं, हे ऐंशी-डी मध्ये बसतं का. सीए म्हणाला, नाही बसत; आणि मग त्याने आवाज उतरवून त्या बाईंचा नंबर मागितला.